ठाण्याहून लंडन किंवा सॅन फ्रान्सिस्को: हवाई अंतर आणि दारापासून दारापर्यंतचा वेळ स्वतः कसा काढावा

मुलगा लंडनला, मुलगी कॅलिफोर्नियात आणि आई-बाबा घोडबंदर रोडला किंवा नेरुळला, अशी घरे आता आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक सोसायटीत आहेत. तिकीट निघाले की पहिला प्रश्न येतो, "प्रवास किती तासांचा?" मग कोणीतरी तिकिटावरून वाचून दाखवते: दहा तास. हे दहा तास विमानाचे झाले. सत्तरीतल्या माणसाची औषधे, जेवण, झोप, पायांची सूज, उतरल्यावर न्यायला कोण येणार, हे सगळे घराच्या दारापासून मोजलेल्या तासांवर ठरवावे लागते, आणि तो आकडा कुठे छापलेला नसतो. तो आपणच काढायचा. कागद, पेन्सिल, फोन आणि अर्धा-पाऊण तास एवढे पुरते. आई-वडील एकटे जाणार असतील तर हा अर्धा तास नक्की काढा.

पायरी १: हवाई अंतर

विमानाचे अंतर भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. सपाट नकाशात ध्रुवांकडचा भाग ताणलेला असतो, त्यामुळे तिथली सरळ रेष ही जमिनीवरची सर्वांत जवळची वाट नसते. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. दोरा पॅसिफिककडे किंवा अटलांटिककडे न जाता मुंबईतून जवळजवळ थेट उत्तरेला, पूर्वेकडे जेमतेम १४ अंश कललेला निघेल. हिमालय आणि सायबेरिया ओलांडून तो ७६ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर आर्क्टिकमध्ये जाईल आणि मग अमेरिकेवर उतरेल. गोलावरच्या या सर्वांत आखूड वाटेला ग्रेट सर्कल मार्ग म्हणतात.

आकडा हवा असेल तर संगणकावर गूगल मॅप्स उघडा, मुंबई विमानतळावर राइट क्लिक करा, अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि दुसऱ्या विमानतळावर क्लिक करा. येणारे अंतर गोलावरचेच असते.

दहावी-अकरावीचे गणित आठवत असेल, किंवा घरात ते शिकणारे कोणी असेल, तर हाताने करून पाहा. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. लंडनचे हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम असल्याने रेखांशांची बेरीज करायची: ७३.३२ अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. तो येतो ०.२५५९. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला ७३.३२ च्या कोसाइनने गुणा. ते येते ०.१६९०. बेरीज साधारण ०.४२४८. कॅल्क्युलेटरवर याचा व्यस्त कोसाइन अंशांत घेतला की ६४.८६ अंश मिळतात. पृथ्वीवरचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून मुंबई ते लंडन सुमारे ७,२१० किलोमीटर.

याच रीतीने मुंबई ते दुबई साधारण १,९३० किलोमीटर येते, मुंबई ते न्यूयॉर्क १२,५३० आणि मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को १३,५१०. मध्ये थांबा असेल तर दोन्ही टप्पे वेगळे काढून बेरीज करा. दुबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,०२० भरते. म्हणजे दुबईमार्गे एकूण १४,९५०, थेट वाटेपेक्षा जवळपास दीड हजार किलोमीटर जास्त.

वैमानिक आणि काही संकेतस्थळे नॉटिकल मैल वापरतात. त्याला १.८५२ ने गुणले की किलोमीटर मिळतात.

पायरी २: किलोमीटरचे तास

मोठी विमाने वर पोचल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, आणि वाटही पूर्ण सरळ नसते. म्हणून मी वापरतो ते सूत्र असे: अंतर भागिले ८५०, अधिक अर्धा तास. हा अर्धा तास धावपट्टीपर्यंत सरकणे, रांगेत थांबणे आणि उतरल्यावर गेटपर्यंत जाणे यांचा. अडीच हजार किलोमीटरपेक्षा लहान टप्प्याला ८५० ऐवजी ७५० ने भागा, कारण तिथे चढ-उतारातच बराचसा वेळ जातो.

लंडनसाठी ७,२१० भागिले ८५० म्हणजे साडेआठ तास, अधिक अर्धा, एकूण नऊ. दुबईसाठी तीन तासांच्या किंचित वर. दुबई ते सॅन फ्रान्सिस्को पावणेसोळा.

आता वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. मुंबईहून लंडनला जाताना ते समोरून येतात आणि येताना पाठीशी असतात. म्हणून जाताना वरच्या नऊ तासांत अर्धा ते एक तास मिळवा. जायला साडेनऊ ते दहा आणि यायला साधारण नऊ, असा फरक वेळापत्रकातही दिसतो.

वाऱ्याचा जोर किती, याचे एक लख्ख उदाहरण आपल्याच देशातले आहे. एअर इंडियाचे दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जात असे, अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेले. अंतर झाले सुमारे १५,३००, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. तरी वारा पाठीशी असल्याने प्रवास साडेचौदा तासांत झाला, आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी. नुसत्या अंतरावरून वेळ ठरवू नये तो यासाठी.

दुसरे कारण बंद आकाशाचे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपले आकाश बंद केले आणि नंतर महिन्यामहिन्याने मुदत वाढवत नेली. याचा फटका दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना सर्वाधिक बसला. मुंबईहून निघणारे विमान अरबी समुद्रावरून जाऊ शकते, त्यामुळे इथला वळसा तुलनेने लहान. रशियाचे आकाशही २०२२ पासून अनेक पाश्चात्य कंपन्यांना बंद आहे. तिबेटच्या उंच पठारावरून तर विमाने शक्यतो जातच नाहीत, कारण केबिनमधला दाब गेला तर विमानाला तातडीने १०,००० फुटांच्या आसपास खाली यावे लागते आणि तिथे जमीनच त्याहून उंच आहे. गोलावर ताणलेला आपला दोरा आणि प्रत्यक्ष मार्ग यांत फरक पडतो तो या सगळ्यामुळे.

पायरी ३: मागच्या आठवड्याचे खरे आकडे

सूत्राने अंदाज येतो. खात्री करायची तर फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळावर आपल्या विमानाचा क्रमांक टाका. मागच्या काही दिवसांत ते प्रत्यक्ष किती वाजता सुटले आणि किती वाजता उतरले हे तिथे फुकट दिसते. सरासरी काढत बसण्यापेक्षा सर्वांत उशिराचा दिवस कोणता ते पाहा, कारण पुढचे विमान पकडायचे असेल तर त्याच दिवसाशी गाठ पडू शकते.

तिकिटावर थांबे शून्य लिहिले आहे का, हेही इथेच तपासा. विमान क्रमांक एकच असूनही ते मध्ये इंधनासाठी किंवा प्रवासी घेण्यासाठी उतरू शकते. अशा थांब्याला तास-दोन तास सहज जातात.

पायरी ४: घड्याळ एकच ठेवा

तिकिटावर सुटण्याची वेळ निघायच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचायच्या गावची असते. समजा लिहिले आहे: मुंबई दुपारी १:००, लंडन संध्याकाळी ५:३०. वजाबाकी करून साडेचार तास म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. ५:३० ला साडेपाच मिळवले की भारतात रात्रीचे ११:०० झालेले असतात. एक ते अकरा, म्हणजे दहा तास.

माझे सांगणे एकच: कागदावरची प्रत्येक वेळ आधी भारताच्या घड्याळात लिहा, आणि शेजारी हवी तर तिथली वेळ कंसात टाका. बहुतेक घोटाळे एवढ्यानेच टळतात.

फरक असे. ब्रिटन उन्हाळ्यात साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. तिथले घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते. अमेरिकेत हे बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतात. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे, सॅन फ्रान्सिस्को साडेबारा आणि साडेतेरा. दुबई बाराही महिने दीड तास मागे. जाणे उन्हाळ्यात आणि परतणे नोव्हेंबरात असेल तर दोन्ही बाजूंना वेगळा फरक धरावा लागतो.

पायरी ५: ठाण्यातून निघायचे केव्हा

सर्वांत आधी तारीख. आपली बरीच लांब पल्ल्याची विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १४ तारीख, रात्री ००:४० असे असेल तर घरातून १३ तारखेच्या रात्री निघायचे. १४ ला रात्री जेवून निघालात तर विमान जाऊन जवळपास एक दिवस झालेला असेल. कॅलेंडरवर १३ च्या चौकटीत लाल पेनने लिहून ठेवा: "आज रात्री निघणे".

मग विमानतळ. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने सुरू झाली. त्यामुळे आता "मुंबईचे तिकीट" एवढे म्हणून भागत नाही. तिकिटावर विमानतळाचा कोड बीओएम (BOM) असेल तर सहार-सांताक्रूझ, एनएमआय (NMI) असेल तर उलवे-पनवेलकडचा नवा. दोन्हींमध्ये संपूर्ण शहर आणि खाडी आहे. नागपूरहून एनएमआयला उतरून सहारहून परदेशी जायचे असेल तर मधल्या रस्त्यासाठीच दोन तास धरा आणि चेक-इनचा वेळ त्यावर वेगळा. ऐरोली, वाशी, खारघरच्या लोकांनी तर तिकीट काढतानाच दोन्ही पर्याय तपासावेत.

ठाण्याहून सहारचे टर्मिनल २ अंतराने फार नाही, वीस-पंचवीस किलोमीटर. पण तो किलोमीटरवर मोजायचा रस्ताच नव्हे. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ या वेळात माजिवडा, तीन हात नाका, मग ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे आणि पुढे जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) पवईची रांग, असे करत कासारवडवलीहून दोन तास लागू शकतात. तीच गाडी पहाटे चारला पाऊण तासात पोचते. छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला असला तरी आनंदनगर नाक्यावर गाड्या तुंबतातच. रात्र म्हणजे मोकळा रस्ता असेही धरू नका. घोडबंदर रोडवर अवजड वाहने रात्री सोडतात, आणि गायमुखच्या बाजूला एखादा कंटेनर बंद पडला की सगळेच अडकते. पावसाळ्यात माझा हिशेब साधा असतो: नेहमीचा वेळ, अधिक एक तास.

सामान कमी असेल आणि दिवसाचे विमान असेल तर रेल्वेचा पर्याय चांगला आहे. ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे मेट्रो ३ पकडली की पुढचेच स्टेशन टर्मिनल २. सव्वा ते दीड तास लागतो, पण तो बहुतेक रोज सारखाच लागतो, आणि हिशेबासाठी हे फार मोलाचे. दोन मोठ्या बॅगा आणि गुडघेदुखी असलेल्या माणसाला मात्र गाडीच बरी. मध्यरात्रीच्या विमानाला जाताना सोडायला येणाऱ्यांना परतीची मेट्रो मिळणार नाही, हेही लक्षात असू द्या.

टर्मिनलवर परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचा. बहुतेक कंपन्या सुटण्याच्या ६० मिनिटे आधी काउंटर बंद करतात, काही त्याहून आधी. व्हीलचेअर हवी असेल तर ती किमान ४८ तास आधी कंपनीला कळवून तिकिटात नोंदवून घ्या, आणि त्यासाठी अर्धा तास आणखी धरा. भारतीय पासपोर्टधारकांसाठी इमिग्रेशनची फास्ट ट्रॅक योजना मुंबईत जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. ऑनलाइन नोंदणी आणि बोटांचे ठसे एकदा झाले की ई-गेटमधून जाता येते. वर्षाआड मुलांकडे जाणाऱ्यांनी ही नोंदणी करून ठेवावी.

पायरी ६: मधला थांबा

एकाच तिकिटावर दोन विमाने असतील तर मध्ये अडीच ते तीन तास असावेत. दीड तासाचे कनेक्शन स्वस्त दिसते, पण वयस्कर माणसाला दुबई-दोहासारख्या अवाढव्य विमानतळावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळवणे बरे नव्हे. व्हीलचेअर घेतली असेल तरी माणूस येईपर्यंत थांबावे लागते.

अमेरिकेला जाताना दोन गोष्टी आवर्जून बघा. अबू धाबीमार्गे गेलात तर अमेरिकेचे इमिग्रेशन अबू धाबीलाच होते, म्हणून तिथला थांबा तीन तासांहून कमी नको. पण मग अमेरिकेत उतरल्यावर सरळ बाहेर पडता येते. इतर बहुतेक मार्गांनी गेलात तर अमेरिकेत ज्या शहरात पहिले पाऊल ठेवाल तिथेच इमिग्रेशन होते, आणि पुढे देशांतर्गत विमान असले तरी बॅगा पट्ट्यावरून घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. न्यूयॉर्कला उतरून पुढे जायचे असेल तर तीन तास हवेतच.

आता बेरीज

पहिले उदाहरण, मानपाड्याहून लंडनचे हॅरो, हिवाळ्यातला कामाचा दिवस. सगळ्या वेळा भारताच्या. घरातून सकाळी ८:००, टर्मिनलवर १०:००, विमान दुपारी १:००, हीथ्रोला रात्री ११:०० (तिथे ५:३०). इमिग्रेशन आणि बॅगा दीड तास, म्हणजे १२:३०. हॅरोपर्यंत गाडीने तासभर, रात्री १:३० (तिथे ८:००). तिकिटावर दहा तास, माणसाचे साडेसतरा.

दुसरे, तिथूनच दुबईमार्गे सॅन फ्रान्सिस्को आणि पुढे सनीव्हेल. घरातून रात्री ००:१५, टर्मिनलवर १:१५, विमान ४:३०, दुबईला ७:४५. तिथे पावणेतीन तास थांबून १०:३० ला पुढचे विमान. सोळा तासांनी दुसऱ्या दिवशी पहाटे २:३० ला सॅन फ्रान्सिस्को. तिथे मात्र निघाल्याच तारखेची दुपारची १:०० वाजलेली असते. इमिग्रेशन-बॅगा पावणेदोन तास, गाडीने एक तास, घरी पोचता पहाटे ५:१५. एकोणतीस तास. कॅलेंडर म्हणते त्याच दिवशी पोचलो, शरीराने मात्र सव्वा दिवस काढलेला असतो.

हा कागद प्रवासाच्या आठ-दहा दिवस आधी डॉक्टरांकडे घेऊन जा. नुसते "लंडनला चाललोय" सांगण्यापेक्षा तासांचा तक्ता समोर ठेवला तर ते गोळ्यांचे वेळापत्रक नेमके लिहून देऊ शकतात. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो आणि परतताना आखडतो, म्हणून इन्सुलिन घेणाऱ्यांना दोन्ही वेळचे वेगळे वेळापत्रक लागते. इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा. खाली सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. मनगटावरचे घड्याळ उतरेपर्यंत भारताच्या वेळेवरच राहू द्या, म्हणजे कागद आणि घड्याळ जुळते. चार तासांपेक्षा लांब बसून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे तक्त्यात दर दीड-दोन तासांनी "उठून फेरी" असेही लिहा. पाणी कमी प्यायचे, म्हणजे उठावे लागत नाही, हा बऱ्याच आयांचा बेत असतो. तो करू देऊ नका.

परतीचा कागद वेगळा करा. लंडनहून रात्री ९:०० ला सुटलेले विमान हिवाळ्यात भारताच्या पहाटे २:३० ला सुटते आणि साधारण ११:३० ला मुंबईत उतरते, पण तारीख पुढची लागलेली असते. अमेरिकेहून निघाल्यास तारीख एक किंवा दोन दिवसांनी पुढे जाते. उतरल्यापासून टर्मिनलच्या दारापर्यंत सव्वा ते दीड तास धरा. घ्यायला येणाऱ्या नातेवाइकाला किंवा ड्रायव्हरला विमान क्रमांक, भारताची तारीख, उतरण्याची भारतीय वेळ आणि टर्मिनल २ की नवी मुंबई, या चारही गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. फोनवर तोंडी सांगितलेली तारीख हमखास तिथली निघते.